दुसरी पाळी

उद्यमबागेत दुसरी पाळी सुटते रात्री अकराला.
मी घरी पोचतो तोवर पोरं झोपलेली,
प्रार्थना होऊन गेलेली.
स्टुलावर काळ्या पुठ्ठ्याचं शास्त्र,
आत खानापूर बसच्या तिकिटाची खूण,
कालच्यापेक्षा दोन पानं पुढं.
मार्था वाचून दाखवते त्यांना.
मी तिकिटावरून ओळखतो
आज माझ्या घरात देव कुठवर आला.

काम माझं साच्याचं.
वाळू चाळायची, भिजवायची, ठोकून बसवायची,
मग वरून लालभडक लोखंड.
वाटायचं, पोरंही अशीच घडत असणार.
म्हणून रविवारी कँपातल्या चर्चहून परतताना
माझा हिशेब चालायचा:
एक वचन तोंडपाठ, पाच रुपये.
दोन चुका झाल्या, तीन.
हन्नानं त्यातून कंपासपेटी घेतली.
अमोसचं एकही वचन अजून पुरं झालेलं नाही,
मधेच थांबून विचारतो,
मासळीच्या पोटात दिवा होता काय, पप्पा?

आमच्या गल्लीत नळ आठव्या दिवशी.
कधी पहाटे, कधी भर दुपारी,
सुट्टी असली तर मीही रांगेत.
त्या दिवशी कस्तुरक्काची घागर पुढं होती,
ती आत गेलेली, नवऱ्याचा दम उसळला म्हणून.
मी तिची घागर पायानं सरकवली.
हातानं नव्हे, पायानं.
आमची पिंपं भरली, आणि नळानं
दोनदा खाकरून वारा सोडला.

संध्याकाळी चौघं चटईवर.
हन्नाची पाळी आली. डोळे घट्ट मिटून म्हणाली,
प्रभू, तुझे उपकार,
पप्पांनी कस्तुरक्काची घागर सरकवली
म्हणून आम्हांला पाणी मिळालं.
आता तिला पण दे. आमेन.

आवाजात खोच नव्हती, हेच वाईट.

कास्टिंग वरून गुळगुळीत दिसतं.
लेथवर चढतं, पहिला पापुद्रा निघतो,
तेव्हा आतलं भोक उघडं पडतं.
वाळूत ओल जास्त राहिली की वाफ कोंडते,
बाकी काही नाही. ब्लोहोल म्हणतो आम्ही,
आणि सुपरवायझर
ज्याचा साचा, त्याच्या नावापुढं रेघ मारतो.

मला आमेन म्हणता आलं नाही.
मार्थानं म्हटलं, माझ्याकडं न बघता.

मग चार घागरी. दोन मी घेतल्या,
एक मार्था, एक हन्नाच्या कमरेवर.
अमोसकडं तांब्या,
त्यातला अर्धा रस्त्यानंच पिऊन टाकला.
कस्तुरक्कानं कडी काढली, विचारलं, याके?
मी कानडीत वाक्य जुळवत होतो,
कारखान्यातलं, साहेबाला सांगायचं असतं तसलं.
तेवढ्यात हन्ना बोलली,
शाळेतल्या स्वच्छ कानडीत,
नम्मप्पा निम्म पाळी तगोंडिद्दा.
पाळी हा शब्द दोन्हीकडं एकच.
लपायला भाषा उरली नाही.

कस्तुरक्का हसली नाही.
एरडु साकु, म्हणाली,
दोन घागरी ओतून घेतल्या, दोन परत ढकलल्या,
आणि दार लावलं.
चार दिवस बोलली नाही. पाचव्या दिवशी
तिच्या शेंगाचटणीचा डबा आमच्या उंबऱ्यावर,
झाकण वाकडं.

रविवारी पाच रुपये कुणी मागितले नाहीत,
मी काढलेही नाहीत.
कँपातली झाडं, घोड्यांची लीद, ऊन.
अमोस चिखल चुकवत चालला होता,
मी त्याच्या बोटाला.

आता रात्री आठच्या चहाला मी भट्टीपासून लांब बसतो.
घरी या वेळी ते वाचत असतील.
हातावरची वाळू झटकतो, डोळे मिटतो,
बहुतेक वेळा शब्द सुचत नाहीत.
शेजारचा भरमा विचारतो, झोप आली काय?
होय की, म्हणतो.

काल घरी आलो, शास्त्र उघडलं.
तिकीट पुढं नव्हतं,
कितीतरी पानं मागं गेलेलं.
मार्था झोपेतच म्हणाली,
अमोसला मासळी परत ऐकायची होती.
दिव्याचं अजून ठरलेलं नाही.