दोन्ही टोकं

रात्रीचे साडेअकरा. अशोक चौकामागच्या गल्लीत
अजून सोळा माग चालू आहेत.
त्यांच्या ठेक्यावर टेबलावरचा चहा
कपातल्या कपात शहारतो.
मी तपासते आहे चारशे ओळींचा मजकूर,
कर्नलला एका नव्या कॅमेऱ्याची ओळख करून द्यायला
कुणा अनोळखी माणसाने लिहिलेला.

कॅमेऱ्याला एक पोर्ट. पोर्टात एक टोक.
टोकाने सांगायचं, माझं दुसरं टोक अमुक ठिकाणी.
आणि तिकडे, रिसीव्हरच्या पोर्टात,
त्यानेही सांगायचं, हो, माझं दुसरं टोक तेच.
एकट्याच्या सांगण्यावर नातं धरायचं नाही
असा नियम.
(सोयरिकीतसुद्धा इतकं कुणी विचारत नाही.)

सत्तेचाळिसाव्या ओळीशी अडते.
मनातल्या मनात तिचं मराठी करून बघते:
डेटाच्या तारा किती ते सांगावे.
सांगावे म्हणजे? सांगितलं तर बरं,
की सांगितलंच पाहिजे?
नाही सांगितलं तर पलीकडच्याने काय समजायचं,
दोन, की चार, की काल होत्या तितक्या?

पुढे तो रंगात येतो. ड्रायव्हर म्हणे
आधी घड्याळाची तार जागी करतो, मग थांबतो, मग...
खोडते.
बाबा रे, बोर्डावर काय आहे तेवढंच लिही.
चालवणारे बदलतील, चालवायच्या तऱ्हा बदलतील,
तांब्याची रेघ जिथे आहे तिथेच राहील.

बाराच्या सुमाराला वीज जाते.
सोळाच्या सोळा माग एकदम गप्प,
इतके, की कानाला दडे बसल्यासारखं होतं.
सांबय्यामामा कारखान्यातून येऊन आमच्या ओट्यावर टेकतो.
पंचेचाळीस वर्षं बीमजोडणी केलीय त्याने:
संपत आलेल्या बीमचा एकेक धागा
नव्या बीमच्या एकेक धाग्याला,
राखेत बोटं बुडवून, चोवीसशे गाठी.
आधारच्या मशीनला त्याचा अंगठा सापडत नाही.

'काय करलालीस गं एवढ्या रात्री?'
लॅपटॉपच्या उजेडात बोट ठेवून दाखवते,
हे टोक, ते टोक, चार तारा, पाचवी घड्याळाची.
'अन् चुकलं तर?'
काही दिसत नाही, मामा. नुसता काळा पडदा.
कुठे चुकलं तेही कुणी सांगत नाही.
तंबाखू मळणारा अंगठा थांबतो.
'आमच्यात दिसतंय की. लगेच न्हाई.
चार वार पुढं, मोराच्या मानेत.'

मग बराच वेळ तो पडद्याकडे बघतो,
ज्यातलं एक अक्षर त्याला वाचता येत नाही.
'अन् जागाच नसली, म्हणून कुणी
दोन तारा मुद्दाम आलटून लावल्या तर?
ती चूक न्हवं. ते सांगायची सोय हाय का ह्यात?'

नाही.
मी वरपासून पुन्हा वाचते. नाही.
एक, दोन, तीन, चार असंच धरून चाललाय हा माणूस,
जणू कुठल्याच बोर्डावर कधी वळण येत नाही.
तीन वेळा वाचून मीही तेच धरून चालले होते.

वीज येते. माग एकदम सुरू होत नाहीत,
एक खोकतो, मग दुसरा, मग मधलेच तीन.
मी शेरा लिहिते:
तारांचा क्रम गृहीत धरू नये, लिहून घ्यावा.
'घ्यावा' खोडून 'घेतलाच पाहिजे' करते.
त्याखाली रिवाजाप्रमाणे एक ओळ, सुचवणाऱ्याची.
सांबय्या येलदी, इतकं टाइप होतं.
नावापुढे कोनी कंसात ईमेल लागतो.
कंस उघडते.

'सरे,' म्हणत तो उठलाय,
तिसऱ्याची मोटर वास मारतेय म्हणून
चप्पल न घालताच निघालाय.
मी हाक मारते. मागांच्या आवाजात
ती कुठवर जाते कोण जाणे.