ओली फडकी

खुब्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा ईनिड कोलक्लफने
मला शेडची किल्ली दिली.
"रोज दोनदा. ओतायचं नाही, फवारायचं.
फडकी पिळून घे, मग पांघर.
पाणी पायांत उतरलं की तो खचेल."
मी म्हटलं, बाई, एकतीस वर्षं रात्रपाळीला
मी दुसरं काय केलंय?

लाँगटनला, आमच्या गल्लीच्या टोकाला ती शेड.
पूर्वी तिथे बायका ओळीने बसून कपांना कान चिकटवत,
त्यातली एक ईनिडची आई.
आमच्या भाषेत त्याला कानच म्हणतात, हे मी सांगितलं
तेव्हा हातातला मातीचा गोळा खाली ठेवून
ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली.
"आई दिवसाला हजार लावायची.
मला दोन लावायला महिना लागतो."

तो म्हणजे तिचा बाप.
डोक्यावर भट्टीत न्यायचं जड मातीचं खोकं, आत कच्च्या बश्या,
खोक्याखाली जुन्या मोज्याची गुंडाळी.
चुंबळ, मी म्हटलं.
तिने तो शब्द खडूने भिंतीवर लिहून घेतला,
तिच्या लिपीत, चुकीचा.

फोटो एकच: समुद्रकाठी, कुत्र्यासोबत.
कुत्रा स्पष्ट आलाय, बाप हललाय.
म्हणून तिने त्याला गावभरातून गोळा केला.
पोटऱ्या पोस्टमनच्या. मनगटं मासळीवाल्या डेरेकची.
बसमध्ये पुढे बसलेल्या कुणाची तरी टाळू;
त्याने वळून विचारलं, काय हवंय?
ही म्हणाली, हललास. आता पुन्हा पुढे बघ.
गुडघे स्वतःचे, आरशात बघून, दुखऱ्यासकट.
आणि मान माझी.
पाण्याने भरलेलं पातेलं डोक्यावर ठेवून तिने मला चालवलं
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
पन्नास वर्षांनी. सांडलं नाही.
"खांदे उचलत नाहीस तू," ती म्हणाली, "हनुवटी आत घेतेस,"
आणि तीन महिने घडवलेली बापाची मान
तारेने कापून टाकली.

जानेवारी. सकाळी फडकी सोडवताना
त्याच्या अंगातून ऊब येत नाही, एवढाच फरक.
बाकी तेच: कपाळ, काखा, गुडघ्यामागची घडी,
कुठे सुकतंय ते हाताच्या पालथ्या बाजूने बघायचं.
मी बोलायचेही. सवय.
रस्त्यावर बर्फ आहे, डब्यात घेवडा आहे,
तुझी मुलगी आज चार पावलं चालली.
एकदा खोकला ऐकू आला.
माझाच होता.

नवव्या दिवशी डाव्या कानामागे केसाएवढी भेग.
वॉर्डात फोन केला. ती गुंगीतच म्हणाली,
"थुंकी लाव, अंगठ्याने दाब.
आणि त्या हीटरला शिव्या घाल."
तिन्ही गोष्टी केल्या.

ती आली, दोन काठ्यांवर. फडकी काढली.
कोट न उतरवता त्याच्याभोवती फिरली,
एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून.
माझं काम तिला दिसलं की नाही कळेना.
मग लाकडी सुरी घेतली
आणि डावा कान मुळापासून उतरवला.
"हा तसाही माझ्या काकाचा झाला होता."

संध्याकाळपर्यंत ती दुसरा लावत बसली. मी चहा केला.
निघताना तो जुना माझ्या हातात ठेवला,
आतून अजून ओला,
मागे अर्धा अंगठा.

खिडकीत ठेवलाय. वाळून पांढुरका, हलका झालाय.
भाजलेला नाही. पाणी लागलं तर चिखल.
कुंड्यांना पाणी घालताना हात आपोआप तिकडे वळतो,
तेव्हा तो हात
मी दुसऱ्या हाताने धरून ठेवते.