निशाणी एकोणीस

आमच्या मालवणात गजालीशिवाय पान हलत नाही.
काल कुणाच्या होडीला किती बांगडा लागला
ते आधी तिकटीवर कळतं, मागाहून घरी.
कोर्टात शिरताना मात्र
ओल्या छत्रीबरोबर गजालही बाहेर टेकवून ठेवायची.
ऐकीव आत चालत नाही.
ज्यानं पाहिलं त्यानं यावं.
ज्यानं ऐकलं त्यानं, पण स्वतःच्या कानांनी.

सव्वीस वर्षं मी तिथं टंकलेखक होतो.

लवू कोयंडेची होडी रात्री कापली गेली.
ट्रॉलर दिवे विझवून आत आला होता,
जिथं यायला त्याला बंदी, तिथं.
तिसऱ्या दिवशी लवू देवबागच्या टोकाला लागला.

मुद्देमाल: फळीचा तुकडा एक, त्यावर निळा रंग ओरखडलेला.
जाळ्याची दोरी, हातभर.
दोरी कुणी धुतली नव्हती, पुरावा धूत नाहीत.
दोन पावसाळे त्या खोलीत
तिच्यातलं मीठ हवा पीत राहिलं.
कागद भिजला, खळ सुटली,
लाखेचा शिक्का एका अंगानं उचलला गेला.
वकील नाबरांनी पाकीट खिडकीच्या उजेडात धरलं,
"सील शाबूत नाही, साहेब."
नव्हतंच शाबूत.
एक पंच म्हणाला, सही ठाण्यात केली, चहा घेताना.
दुसऱ्याला आठवत नव्हतं.
रवळूच्या मोबाइलमध्ये एकवीस सेकंद होते,
नुसता काळोख आणि इंजिनाची धडधड.
त्याला प्रमाणपत्र जोडलेलं नव्हतं.

उरली द्वारका. लवूची आई.
त्या रात्री ती पुळणीवर बसून होती,
जशी तीस वर्षं बसत आली, आधी घोवासाठी, मग झिलासाठी.
"आवाज त्याच बोटीचा, हे कशावरून?"
ती वकिलाकडं नव्हे, माझ्याकडं बघत बोलली,
"कोंबो आरावलो तर खयच्या घराचो,
ता तुमका कळता मा?
तसो मी वळाखलंय."

साहेब वर्ध्याकडले, नुकते बदलून आलेले.
समुद्राचं त्यांना अजून कौतुकच होतं.
त्यांनी मला विचारलं, म्हणजे काय?
मी म्हणालो,
"आवाजावरून अंदाज आला, साहेब."
त्यांनी तसंच सांगितलं.
मी तसंच बडवलं.

कोंबडा कागदावर आलाच नाही.

वळाखलंय. ओळखलं.
शब्द असा हाताशी होता,
शाळेतल्या पोरानंही उचलला असता.
जेवणाच्या सुट्टीला दहा मिनिटं होती, हे खरं.
आणि माझा मेहुणा त्याच मालकाच्या
बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहायचा, हेही.
पण हे मला कुणी विचारलं नाही,
आणि न विचारलेल्याला निशाणी पडत नाही.

निकालात तिच्या वाट्याला दीड ओळ आली:
साक्षीदार तज्ज्ञ नाही, सबब तिचा अंदाज
पुरावा म्हणून ग्राह्य धरता येत नाही.
आरोपीला संशयाचा फायदा.
दुपारी बंदरावर फटाके वाजले की नाही
ते मी पाहिलेलं नाही. ऐकीव आहे.

श्रावणात ती नकलेला आली.
पिशवीत सुकटीचा वास, अर्ज दुसऱ्या कुणी लिहिलेला.
"वाच बघया," म्हणाली.
मी वाचलं. सावकाश. त्या शब्दापर्यंत.
तिनं हात वर केला.
"ह्यां मी बोलूक नाय."

मी पंख्याकडं बघितलं.
तिनं पानं उलटीपालटी केली,
खालच्या कोपऱ्यातला काळा डाग शोधला,
त्यावर बोट टेकवून म्हणाली,
"आंगठो मात्र माझो."

मग कनवटीची चिल्लर काढून
नकलेचे चोवीस रुपये मोजले.
मी पावती फाडली.