भुशाचा ढीग

मोरी धुणारीला घरातलं सगळं कळतं.
कोणाचे केस गळतात, कोण रात्री उठून ओकतं.
आत्याबाईंची चूळ गुलाबी असते
हे मला लग्नाच्या तिसऱ्या दिवशीच कळलं.
"काही नाही व, हिरड्या आहेत," त्या म्हणाल्या,
जसं म्हणावं, काही नाही, शेजारी आहेत.

आंधळगावात कोसा मांडीवर काढत
भागरता हेडाऊनं चाळीस वर्षं
धागा दातानंच तोडला.
कात्री होती. कात्री सुनेसाठी होती.
कोनाड्यात गुडाखूची डबी,
सकाळी एक बोट, जेवल्यावर एक,
तेवढाच तिचा विसावा, तो हिसकावणार कोण?
दात हलले तेव्हा वय झालं म्हणाली.
वास यायला लागला तेव्हा नातू
गोष्ट ऐकताना
तोंड फिरवून बसायला शिकला.

मंडईचा दिवस. रात्री गावात नाटक.
मांडीवरचा तळहात मध्येच थांबला.
धोटा चालूच होता,
म्हणून कोणाला ऐकू आलं नाही.
"जबडा दुखते," म्हणाल्या, "खांदाही भरून आला."
आम्ही दाताची गोळी दिली.
जबडा म्हणजे दात,
एवढंच आमचं शास्त्र.

नागपूरच्या सुपरमध्ये
हृदयाच्या नळीत जाळी बसवली.
शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न:
"जाळी? कोणत्या सुताची?"

छातीसाठी आलेल्या बाईला
मोठे डॉक्टर म्हणाले, तोंड उघडा.
बघून चिठ्ठी लिहिली, दाताच्या दवाखान्याची.

तिथं डॉक्टर कुमरे, कुरखेड्याकडची पोरगी,
चष्म्याला एका बाजूनं चिकटपट्टी.
"आजी, तुमच्याकडं राइस मिल आहे?"
"आहे नं."
"मागं भुशाचा ढीग पेटला तर?"
आत्याबाई हसल्या. हे त्यांना पाठ होतं.
जाळ दिसत नाही. वरून थंड राख.
आत महिना महिना निखारा,
आणि एखादं पोट्टं खेळता खेळता
गुडघ्यापर्यंत पाय घालून बसते.

"तुमचा ढीग दात आणि हिरडीच्या फटीत आहे.
अंग विझवायला माणसं पाठवते,
रोज पाठवते.
विझत नाही, आणि माणसंही परत जात नाहीत.
त्यांची झळ रक्तात उतरते,
जिथं नळीचं अस्तर आधीच खरवडलेलं
तिथंही जाऊन लागते."

मी विचारलं, म्हणजे दातामुळंच झालं का?
ती थांबली. हातमोजा ओढून नीट केला.
"तसं नाही म्हणता येत, ताई.
गुडाखू आहे, साखर आहे, बीपी आहे.
आग दोन्हीकडं सापडते, एवढं खरं.
कोणी कोणाला पेटवलं
याची साक्ष अजून पुरी नाही."
मला तिचं ते थांबणं आवडलं.
आमच्या गल्लीत सगळ्यांना
सगळं पक्कं माहीत असतं.

सहा महिन्यांनी, मोठ्या डॉक्टरांना विचारून,
दात साफ केले.
स्टीलच्या ट्रेमध्ये कीटण पडत होतं
टक्, टक्,
तांदळातले खडे वाटीत टाकावेत तसं.
घरी येईपर्यंत त्या जीभ फिरवत राहिल्या.
"किती फटी आहेत व. वारा लागते."

आता कात्री खुंटीला, कोशाच्याच धाग्यानं बांधलेली.
तरी धागा संपत आला की
मान आपोआप खाली येते,
ओठ उघडतात,
आणि धागा दातांच्या दाराशी उभा राहतो.
मग हाक: "कात्री कोठी ठेवली व?"
कात्री डोक्यावरच असते.

कुठल्या तरी शहरात, कोणाच्या कपाटात
एखादा पदर असेल,
त्याच्या टोकाला गंजासारखा एक ठिपका.
त्यांना वाटत असेल, रंगाचा आहे.

डबी कोनाड्यात नाही.
नातू आता समोर बसतो.
चूळ पाण्यासारखी असते,
बाजाराच्या दिवशी मात्र तपकिरी.
मी काही बोलत नाही,
पाणी जरा जास्त ओतते.