पडली तर उचलता यावी

वादी कबीरमध्ये, टायरच्या दुकानांमागच्या गल्लीत
खमीसनं दोघींना शेजारी शेजारी उभं केलं होतं.
एकच कंपनी, एकच साल,
टाकीवर तोच काळपट हिरवा रंग, आरसेसुद्धा तेच.
फरक पोटात.
एकीचं इंजिन साडेतीनशे, दुसरीचं साडेसहाशे.

"जुळ्या आहेत," तो त्याच्या हिंदीत म्हणाला,
"एकीला आईचं दूध जास्त मिळालं, एवढंच."

मी वाकून बोल्ट बघितल्यासारखं केलं.
बावीस वर्षं बरक्याला
समुद्राचं पाणी गोडं करायच्या कारखान्यात
पंपांची नाडी बघतोय;
कुठलं बेअरिंग रडतंय ते कानानं सांगतो.
इथं कान कामाचा नव्हता.
इथं साडेनऊशे रियाल की सोळाशे, हे होतं,
आणि मोठीचा विमा वेगळा.
लहानीवर कॅम्प, प्लांट, शुक्रवारी सीबचा मासळीबाजार भागतो.
मोठी समुद्राकाठानं सूरपर्यंत एका दमात नेते म्हणे,
ट्रकच्या वाऱ्यानं हलत नाही,
जूनमध्ये सिग्नलला मात्र मांड्या
भाकरीसारख्या दोन्ही बाजूंनी भाजते.

देवरुखहून वसुधाचा निरोप आला,
मागं कुणीतरी नारळ सोलत होतं:
"मोठी घ्या.
फ्रिज लहान घेतला, दर मे महिन्यात पस्तावलो.
हॉल लहान ठेवला,
रेवतीच्या लग्नात माणसं जिन्यात बसून जेवली.
अंथरूण बघून पाय पसरता पसरता
तुमचे गुडघेच वाकडे झाले."

निरोप दोनदा ऐकला.
आणि मला मुरलीधरन आठवला, माझ्याच शिफ्टमधला.
कुरियातच्या रस्त्याला वाळूवर घसरला, पाय गाडीखाली,
दीड तास.
हाड मोडलं नव्हतं. रक्तही नव्हतं.
गाडी उचलत नव्हती, बस्स.
दोन उंट येऊन बघून गेले, म्हणाला.

"खमीस, आडव्या करू?"
तो हसला, पण त्यानं पुठ्ठे अंथरले.

आधी लहान.
तिच्याकडे पाठ केली, बूड सीटला टेकवलं,
एक हात हँडलला, एक मागच्या दांडीला,
आणि पायांनी मागं मागं रेटत गेलो.
उठली. चिखलातल्या म्हशीसारखी कुरकुरत, पण उठली.

मग मोठी.
पहिल्यांदा माझाच मणका बोलला, ती नाही.
दुसऱ्यांदा वीतभर उठली
आणि हळूच परत पहुडली,
जेवण झाल्यावर पाहुणा लवंडतो तशी.
तिसऱ्या वेळी खमीसचा भाचा हिलाल धावत आला,
सोळा वर्षांचा, मनगटं काडीची,
त्यानं नुसता हात लावल्यासारखं केलं
आणि ती उभी.
दोघांत ती हलकी होती.
हे मी खिशातल्या हिशेबात लिहिलं नाही,
कुठल्या रकान्यात लिहायचं कळेना.

शुक्रवारी भर दुपारी, ऐंशी किलोमीटरवर,
हिलाल कुठून आणू?

साडेनऊशे मोजले.
बरक्याचा रस्ता सपाट,
म्हणून मुद्दाम उलटी, अमरातच्या चढाला घातली.
आमच्याकडे त्याला घाट म्हटलं असतं,
वळणावर नारळ फोडला असता.
दुसरा गिअर. मग पहिला.
ती किंचाळत होती, मी पुढं झुकलो होतो,
जसा काही माझ्या झुकण्यानं फरक पडणार होता.
मागून पाण्याचा टँकर आला,
कदाचित माझ्याच कारखान्याचं पाणी,
हॉर्न देत, डुलत पुढं गेला.

वर पोचून थांबलो. फोन लावला.
"कुठली घेतली?"
मी फोन सायलेन्सरजवळ धरला,
आणि रिकामा अ‍ॅक्सिलरेटर
पुरा, अगदी पुरा पिळला.
ती ऐकत राहिली.
"मोठीच वाटते," म्हणाली.

मी किल्ली फिरवली. गरम लोखंड टिकटिकत होतं.
खाली अमरातचे दिवे लागत होते,
त्यात त्या टँकरचे दोन लाल, लांब जाणारे.

मग तीच म्हणाली,
"किती वाचले?"