पिवळा रंग, दोन नंबरचा ब्रश

दरसाल जानेवारीत, गॅदरिंगचा मांडव उतरला
की मिशनच्या शाळेतून निरोप येतो:
भटू, बोर्डावर एक नाव वाढवायचंय.
मी डबा, टर्पेन्टाइन आणि दोन नंबरचा ब्रश घेऊन निघतो.
वाटेत पथारींवर मिरची वाळत असते,
अख्खं नंदुरबार शिंकत असतं,
पोर्चमधली मारिया माता तेवढी
न शिंकता उभी.

बोर्ड सागाचा. वर क्रूस, मग ‘विद्यार्थी प्रमुख’,
मग साल आणि नाव, साल आणि नाव.
पहिली दहा माझ्या उस्तादाच्या हातची:
परेरा, डिसोझा, रेल्वेतल्या गार्डचा कुणी मुलगा.
नंतर गावित, वळवी, तडवी, एक जैन.
नंतर मुली.
कुणाला किती मार्क होते, मला ठाऊक नाही.
मला ठाऊक आहे ‘इग्नासिओ’ किती जागा खातो
आणि ‘उषा’ लिहून किती उरते.

मीही इथलाच, नववीपर्यंत.
माझं नेतृत्व एका आठवड्याचं: घंटेची पाळी.
शुक्रवारी मी घंटा चार मिनिटं आधी दिली
आणि सहाशे पोरं
माझ्या एका हाताच्या जोरावर फाटकाबाहेर.
फादर कजेतान मागून धावले, झगा गुडघ्यापर्यंत उचलून.
त्याबद्दल आठ दिवस चॅपल झाडलं.
बोर्डावर याची नोंद नाही.

यंदाच्या चिठ्ठीत: थुमली रतन्या पावरा.
सिस्टर बेनिग्ना शिडी धरून सांगत होत्या,
धडगावकडची आहे. भाषणात अडखळते.
कबड्डीची टीम नाशिकपर्यंत नेली,
तिथे दोन गुणांनी हरली.
ऑगस्टात होस्टेलला कावीळ शिरली तेव्हा
सगळे प्रार्थनेला, नाहीतर फोनला.
हिनं वहीचं मधलं पान काढलं,
सत्तर जणींची यादी केली:
कोण कुठल्या टाकीचं पाणी प्याली,
कुणाचे डोळे कधी पिवळे झाले.
डॉक्टरनं यादीवरून बोट फिरवलं, म्हणाला,
मागची टाकी आजच्या आज बंद.
काविळीला करंडक नसतो, सिस्टर म्हणाल्या,
म्हणून म्हटलं निदान नाव तरी.

‘थु’ वाळत आलं होतं.
मागून आवाज आला: काका, ठ.
वळलो. दोन वेण्या, हनुवटीवर मैदानाची जुनी खूण.
ठुमली. ठ.

रजिस्टरला थ आहे, बाळ, सिस्टर म्हणाल्या,
दहावीच्या सर्टिफिकेटवरही तोच येईल.

पहिलीत गुरुजींना नीट ऐकू आलं नसेल, ती म्हणाली
(अडखळली, पण थांबली नाही),
आई टेकडीवरून हाक मारते ती ठ-नं.
थ तेवढा लांब पोचत नाही.

शिडी जरा हलली.
मग किल्ल्यांचा आवाज ऑफिसच्या दिशेनं गेला,
रजिस्टर आणायला.

मी चिंधी बुडवली.
थ काही सहज जात नाही, सगळा वळशांचा.
सागावर पिवळट डाग राहिलाच.
त्यावर ठ बसवला: वर इवलीशी दांडी,
खाली भाकरीसारखा पुरता गोल.
माझ्या मनात आलं, तीस वर्षं
लोक देतात ती चिठ्ठी मी उतरवत आलो.
कुणाला विचारलं नाही,
भाऊ, तुना घरना तुले काय म्हनतस?

ती वाळेपर्यंत थांबली.
गप्प बसवेना, म्हणून चार मिनिटांची गोष्ट सांगितली.
हसली. हसताना अजिबात अडखळत नाही.
मग तुमचं नाव कुठं आहे यात?

मी उजव्या कोपऱ्याकडे बोट केलं, अगदी तळाशी,
मुगाएवढ्या अक्षरांत: भटू पेंटर, नंदुरबार.
खाली मोबाईल नंबरही होता,
सिस्टरनी पुसायला लावला.

ती उकिडवी बसली, नाक बोर्डाला टेकवून वाचलं.
‘टू’ जरा तिरका आलाय, म्हणाली.