बाटली क्रमांक सतरा

हरिसालच्या पुढं फोनचा जीव गेला
आणि मन्सारामनं आरसा पुसला.
मागं एकोणीस रिकाम्या बाटल्या,
खड्डा आला की सगळ्या एकदम
दात वाजवायच्या, हुडहुडी भरल्यासारख्या.

सागाची पानं सुपाएवढी.
रात्रीचं दव त्यांच्यावरून अजून खाली यायचं होतं,
घाई नव्हती त्याला.
बांबूच्या बेटातून उजेड गळत होता तो हिरवा,
माझा हात त्यात कुणा लहान मुलीचा वाटला.
सिपनेच्या पुलावर त्यानं इंजिन बंद केलं.
"ऐका मॅडम."
मी ऐकलं : पाणी, दगड, लांबवर रानकोंबडा.
"थे नाई. गाडी बंद झाल्यावर
कान कसे मोकये होते, थे ऐका."

सेमाडोहला सुमरती कासदेकरनं हापसा मारून दिला.
बाटली एक ते चार.
इतकं गोड पाणी, की फॉर्मवर चवीचा रकाना नाही
याचं वाईट वाटलं.
कुठं नेता, तिनं विचारलं.
अकोल्याला, तपासायला.
"काऊन? त्यानं काय केलं?"
हे म्हणून ती हसली नाही,
घागर उचलून निघून गेली.

घाटात मी अठ्ठावीस वळणं मोजली.
मन्साराम म्हणतो एकतीस.
परतवाड्याच्या चहापर्यंत आम्ही यावर भांडलो,
पैसे त्यानंच दिले.

मग जमीन एकदम आडवी झाली.
अंजनगावपर्यंत पानमळे, केळी, हिरवे पडदे,
आणि दर्यापूर मागं पडल्यावर
विहिरी होत्या, पण कुणी त्यांच्यात वाकून बघत नव्हतं.
काळी माती, बांधाच्या कडेला पांढरी साय.
खारपाणपट्टा.
इथं मुतखड्याचं नाव घेतात
घरातल्या जावयाचं घ्यावं तसं,
जपून, आणि तो येणार हे धरूनच.
पारावरचा एक म्हातारा म्हणाला,
"समुद्र व्हता बाप्पा येथं.
गेला थो.
जाताना मीठ उचलाचं भुलला."

मन्साराम बावन्न वर्षांचा.
समुद्र पाहिलेला नाही.
एकदा मुंबईला गेला होता,
सायबाला विमानतळावर उतरवून, डिझेल भरून, तसाच परत.
त्यानं हापशाखाली ओंजळ धरली.
पिऊ नका, मी म्हणेपर्यंत प्याला.
तोंड वाकडं झालं, मग हळूहळू सरळ.
"असाच लागते का?"
हर्णैला मी एकदा लाटेखाली सापडले होते,
नाकातोंडातून घरी घेऊन आले होते तो समुद्र.
"याहून खारट," म्हणाले.
त्याचा चेहरा बघून पुढं म्हणाले, "पण असाच."

त्यानंतर तो रस्ता कमी आणि बाजू जास्त बघत होता.
तुरीवरून वारा यायचा,
पिवळ्या फुलांची एक लांब घडी उठायची,
बांधाला लागून मोडायची.
पुन्हा उठायची.
"मन्साराम, समोर! बैलगाडी!"
"दिसली," तो म्हणाला. दिसली नव्हती.

पातूरचा घाट चढून वर आलो
तर झाडं संपत आलेली.
मेहकरच्या पुढं नुसतं कुसळीचं गवत,
भुरकं, आडवं, क्षितिजापर्यंत,
मधेच एक मेंढपाळ, डोक्यावर घोंगडी,
आम्ही दिसेनासे होईपर्यंत बघत उभा.
शेवटच्या हापशाला मी साठ वेळा दांडा मारला.
आतून श्वास आला,
दुसरं काही आलं नाही.
एकोणिसाव्या बाटलीवर मी तारीख टाकली
आणि रिकामीच बूच लावून ठेवली.
अंधारात परतताना
तीच सगळ्यांत जास्त वाजत होती.

अकोल्याच्या प्रयोगशाळेत
बाबूनं बाटल्या दोनदा मोजल्या. अठरा.
सतरा नंबर कुठाय?
मन्साराम खिडकीबाहेर
उभ्या गाडीच्या चाकाकडं निरखून बघत होता.
मी रजिस्टर ओढून घेतलं,
लिहिलं : क्र. १७, वाहतुकीत फुटली.

बाबू स्वतः गाडीपर्यंत गेला,
सीटखाली हात घालून आला.
काच सापडली नाही,
ओलही नाही.